न लढलेला किल्ला

सह्याद्रीतले गड हिंडून ज्याची नजर तयार झाली आहे, त्याला बोडियम कॅसल आधी खटकतो. लंडनच्या आग्नेयेला, ईस्ट ससेक्स परगण्यात, रॉदर नावाच्या छोट्याशा नदीच्या खोऱ्यात हा किल्ला आहे. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, प्रत्येक बाजूच्या मध्यावर चौकोनी बुरूज किंवा दरवाजा, वर चर्यांची रांग आणि चहूबाजूंनी रुंद खंदक. पाणी शांत असलं की सगळा किल्ला त्यात उलटा उतरतो. कॅलेंडरवर छापायला याहून देखणा किल्ला इंग्लंडात सापडणं कठीण. पण पाण्यावरून नजर काढून उत्तरेकडे पाहिलं की लगेच चढ लागतो आणि त्या चढावरून सगळा किल्ला खाली मांडून ठेवल्यासारखा दिसतो. आपल्याकडच्या गडकऱ्याने ही जागा पाहिली असती तर पहिला प्रश्न विचारला असता: वरची टेकडी मोकळी सोडून किल्ला खाली पाण्यात का बसवला?

इंग्लंडमधले इतिहासकारही गेली काही दशकं हाच प्रश्न एकमेकांना विचारत आहेत आणि त्यावरून त्यांच्यात चांगलीच जुंपली आहे. बोडियम हा खरा किल्ला, की किल्ल्याचं सोंग घेतलेली एका श्रीमंत माणसाची हवेली? उत्तराकडे जाण्याआधी तो माणूस कोण होता ते पाहायला हवं, कारण त्याच्या दगडांचं कोडं त्याच्या चरित्रातच बरंचसं सुटतं.

त्याचं नाव सर एडवर्ड डॅलिंग्रिज. जन्म १३४६ च्या सुमाराचा. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तेव्हा शंभर वर्षांचं युद्ध म्हणून पुढे ओळखलं गेलेलं भांडण चालू होतं आणि ससेक्समधल्या मध्यम घराण्यातल्या तरुणाला नशीब काढायची जागा म्हणजे फ्रान्स. १३६० मध्ये दोन्ही राजांत ब्रेतिन्यीचा तह झाला, राजांचं युद्ध थांबलं, पण सैनिक घरी गेले नाहीत. त्यांनी आपापल्या टोळ्या बांधल्या. या टोळ्यांना सौम्य भाषेत ‘मुक्त पथकं’ म्हणत. प्रत्यक्षात खंडणी, लूट आणि जाळपोळ हा त्यांचा धंदा. सर रॉबर्ट नोल्स हा या धंद्यातला नामांकित सरदार, आणि डॅलिंग्रिज त्याच्या हाताखाली लढला. १३६७ मध्ये तो राजपुत्र लायोनेलच्या स्वारीबरोबर फ्रान्सला गेल्याची नोंद आहे.

फ्रान्समधून पैसा आला, जमीन मात्र लग्नातून आली. त्याची बायको एलिझाबेथ ही वॉर्डेड्यू घराण्याची वारस होती आणि बोडियमची जहागीर तिच्याकडून त्याच्या हाती आली. मग माणूस स्थिरावला. १३७९ ते १३८८ या काळात तो ससेक्सचा प्रतिनिधी म्हणून पुन्हा पुन्हा पार्लमेंटमध्ये बसला. १३८३ मध्ये त्याने बोडियमला आठवडी बाजार आणि वर्षाची जत्रा भरवायची राजाकडून सनद मिळवली. १३८६ मध्ये गिरणीसाठी रॉदरचं पाणी वळवून घ्यायची परवानगी काढली. बाजार, जत्रा, गिरणी या तिन्ही गोष्टींतून जमीनदाराच्या घरात रोकड येते. लुटीतून वर आलेला सैनिक आता आपलं गाव वसवत होता.

स्वभाव मात्र गेला नव्हता. राजाचा काका जॉन ऑफ गाँट, म्हणजे त्या वेळचा इंग्लंडमधला सर्वांत श्रीमंत सरदार, याला १३७२ मध्ये ससेक्समध्ये मोठ्या जमिनी मिळाल्या. स्थानिक मंडळींना हा उपरा मालक डोळ्यांत खुपू लागला. डॅलिंग्रिजने त्याच्या राखीव रानात शिरून शिकार केली, झाडी पेटवून दिली, रखवालदारांना बदडलं. १३८४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा या गृहस्थाने भर न्यायालयात आपला हातमोजा जमिनीवर फेकला. द्वंद्वाचं आव्हान देण्याची ती रीत. त्याबद्दल त्याला तुरुंगात टाकलं, पण अरंडेलच्या अर्लचा वरदहस्त असल्याने तो लवकर सुटला. पुढच्याच वर्षी त्याच्या हातात किल्ला बांधायचा परवाना होता. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ऑक्टोबर १३८५ चा तो परवाना अठरा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डच्या नावाने निघाला. समुद्राजवळच्या बोडियमच्या वाड्याला दगड-चुन्याच्या भिंती घालाव्यात, त्यावर चर्या चढवाव्यात आणि शत्रूपासून आजूबाजूच्या मुलखाचं रक्षण व्हावं म्हणून त्याचा किल्ला करावा, असा त्याचा आशय. भीती काही कल्पनेतली नव्हती. १३७७ मध्ये फ्रेंचांनी किनाऱ्यावरचं राय हे बंदर जाळलं होतं, १३८० मध्ये शेजारचं विंचेल्सी. रॉदर नदीतून तेव्हा बोडियमपर्यंत होड्या येत. फ्रेंच आलेच तर याच वाटेने येतील, असं म्हणायला जागा होती.

तरीही परवान्याकडे थोडं संशयाने पाहायला हवं. त्या काळी अशा परवान्यांना क्वचितच नकार मिळे आणि तो मिळवणं हाच एक मान होता. राजदरबारात आपला वशिला आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यातून कळे. शिवाय परवाना होता जुन्या वाड्याला तटबंदी घालण्याचा. डॅलिंग्रिजने जुना वाडा बाजूला ठेवला आणि नदीच्या जवळ, नव्या जागेवर, पायापासून नवी इमारत उभी केली. जुन्या घरांची डागडुजी करत, एकेक खोली जोडत शतकानुशतकं वाढलेले किल्ले इंग्लंडात पुष्कळ आहेत. बोडियमला असा वाढत गेलेला भूतकाळ नाही. एका माणसाने, एका आराखड्यावर, काही वर्षांत तो पुरा केला. म्हणूनच त्या माणसाला नेमकं काय हवं होतं हे दगडांवरून वाचता येतं.

आता पाहुण्याच्या पावलांनी आत जाऊ. आज उत्तरेच्या काठावरून सरळ पूल दरवाजापर्यंत जातो. मूळ रस्ता असा नव्हता. पहिला लाकडी पूल पश्चिमेच्या काठावरून निघून खंदकातल्या एका अष्टकोनी बेटावर येई. तिथे काटकोनात उजवीकडे वळायचं, मग बाहेरचा दरवाजा आणि मग मुख्य दरवाजा. संरक्षणाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, पाहा, बेटाकडे चालणाऱ्या माणसाची उजवी कूस सगळा वेळ किल्ल्याच्या माऱ्यात राहते आणि ढाल तर डाव्या हातात. मुद्दा बिनतोड आहे. पण त्याच वळणदार रस्त्यावरून येणाऱ्या पाहुण्याला किल्ल्याचा पूर्ण दर्शनी भाग आधी आडवा पाहावा लागतो आणि मग तो समोर येतो, हेही तितकंच खरं. सरळ रस्ता असता तर एवढा थाट डोळ्यांत भरला नसता.

मुख्य दरवाजा दोन उंच चौकोनी मनोऱ्यांच्या मध्ये बसवला आहे. वर पुढे काढलेला सज्जा, त्याच्या तळाला फटी, म्हणजे खाली आलेल्यावर दगड टाकता यावेत. मनोऱ्यांच्या भिंतीत खालच्या बाजूला कुलपाच्या छिद्राच्या आकाराच्या जंग्या आहेत, वर उभी फट आणि खाली गोल भोक. हातबंदुका आणि लहान तोफांसाठी केलेल्या अशा जंग्या इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या जंग्यांपैकी आहेत. देवडीच्या कमानीच्या छतात भोकं ठेवली आहेत. वरून खाली सोडायचा ओकच्या लाकडाचा, लोखंडाने मढवलेला जाळीदार दरवाजा अजून जागेवर लटकलेला आहे. मूळ लाकूड टिकलेला असा दरवाजा इंग्लंडात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

या सगळ्या मारक सामानाच्या बरोबर मध्यभागी, दरवाजाच्या कमानीवर, दगडात तीन ढाली कोरल्या आहेत. मधली डॅलिंग्रिजची. एका बाजूला बायकोच्या वॉर्डेड्यू घराण्याची, दुसऱ्या बाजूला आईच्या रॅडिंडेन घराण्याची. वर शिरस्त्राण आणि त्यावर एकशिंगी घोड्याचं डोकं. म्हणजे दारात आलेल्याला आधी कुळी वाचावी लागते. मागच्या, दक्षिणेच्या दरवाजावरही तीन ढाली आहेत, पण त्यातल्या दोन कोऱ्या आहेत आणि मधली रॉबर्ट नोल्सची, त्याच फ्रान्समधल्या सरदाराची. जुन्या धन्याचं नाव मागच्या दाराला का होईना, दिलं आहे. पैसा कुठून आला हे डॅलिंग्रिजने लपवलं नाही, याचं मला कौतुक वाटतं.

आत गेल्यावर मधोमध चौक आणि चारी बाजूंनी तटाला पाठ लावून खोल्या, अगदी आपल्या चौसोपी वाड्यासारखी रचना. जुन्या इंग्लिश किल्ल्यांत मधोमध एक भरभक्कम मुख्य बुरूज असे आणि शेवटचा आसरा म्हणून मालक तिथे जाई. बोडियममध्ये तो नाहीच. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौकोनी आखणीचे असे किल्ले इंग्लंडात अनेक सरदारांनी बांधले. त्यांच्यात बोडियम आकाराने लहान, पण मांडणीने सर्वांत नेटका. बाहेरून मोजला तर साधारण १५० फूट लांब आणि १४० फूटही रुंद नाही. कोपऱ्यांचे बुरूज मात्र सुमारे ६० फूट उंच आणि तट सहा फुटांहून जाड.

आजच्या पाहुण्याला आत छप्पर सापडत नाही. मजले पडले, तुळया गेल्या, भिंती उरल्या. पण त्या भिंती फार बोलक्या आहेत. दक्षिणेच्या बाजूला मुख्य हॉल होता, सुमारे ४० फूट लांब आणि २४ फूट रुंद. त्याच्या पश्चिमेच्या टोकाला आजही तीन दारं ओळीने उभी आहेत. एकातून पावाचं कोठार, दुसऱ्यातून मद्याचं, आणि मधल्यातून बोळ थेट मुदपाकखान्याकडे. ही तीन दारं मध्ययुगीन इंग्लिश घराची खूणच समजतात. दारांकडचं टोक खालचं, म्हणजे नोकर, वाढपी, आल्यागेल्यांचं. समोरचं पूर्वेकडचं टोक वरचं, तिथे मालकाचं टेबल आणि त्याच्या मागे मालकाच्या खासगी खोल्या. जेवायला कोण कुठे बसतो यावरून त्याची पायरी कळे. मुदपाकखान्यात दोन अजस्र चुली आणि जवळच्या नैर्ऋत्येच्या बुरुजाच्या तळाला विहीर. त्याच बुरुजाच्या माथ्यावर कबुतरखाना होता, सुमारे तीनशे घरट्यांची सोय असलेला. हिवाळ्यात ताजं मांस मिळायची ही खात्रीची वाट आणि कबुतरं पाळायचा हक्क त्या काळी जमीनदारांपुरताच, त्यामुळे तीही प्रतिष्ठेचीच बाब.

पूर्वेच्या बाजूला देवघर, म्हणजे चॅपल. त्याच्या वेदीमागची खिडकी मोठी हवी म्हणून तटाची भिंत तिथे खंदकात थोडी पुढे काढली आहे आणि त्या भिंतीलाच उंच खिडकी पाडली आहे. मालकाला वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून चॅपलमध्ये डोकावता येईल, अशीही सोय होती. लढाईचाच विचार करणारा माणूस तटाला असं भगदाड पाडत नाही.

आणि शौचकूप. बोडियममध्ये ते २८ आहेत, सगळे तटाच्या जाडीत किंवा बुरुजांत काढलेले आणि सरळ खंदकात उघडणारे. बुरुजातल्या जवळपास प्रत्येक चांगल्या खोलीला स्वतःची शेकोटी आणि स्वतःचा शौचकूप. चौदाव्या शतकात ही चैन होती. राजाच्या जुन्या किल्ल्यांतही पाहुण्यांना एवढी सोय मिळे असं नाही. ज्या पाण्यात किल्ल्याचं सुंदर प्रतिबिंब पडतं त्याच पाण्यात २८ शौचकूप रिकामे होत, हे पर्यटकांना सांगताना वाटाडे थोडे खुलतात, आणि खुलावंच.

पश्चिमेच्या बाजूला दुसरा हॉल आणि दुसरा मुदपाकखाना आहे, पदरच्या माणसांसाठीचा. मालकाच्या बाजूशी त्याचा आतून संबंध नाही. यावरून स्कॉटिश अभ्यासक डब्ल्यू. डग्लस सिम्पसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक रंगतदार तर्क मांडला: मालकाला स्वतःच्याच भाडोत्री सैनिकांची भीती वाटत होती, म्हणून त्याने त्यांना वेगळं कोंडून ठेवलं. डॅलिंग्रिजचं पूर्वायुष्य पाहता तर्क मोहात पाडतो. भाडोत्री सैनिक काय करू शकतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मोठ्या घरात नोकरांची पंगत वेगळी बसते याला भीतीचं कारण लागत नाही. सिम्पसन यांचा तर्क आज फारसा कुणी मानत नाही.

एकूण किल्ल्याबद्दलचं जुनं मतही असंच हळूहळू ढासळलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोडियम म्हणजे फ्रेंचांविरुद्ध बांधलेलं अव्वल लष्करी ठाणं, हे जवळजवळ गृहीत होतं. १९८० नंतर शंका सुरू झाल्या. डी. जे. टर्नर यांनी १९८६ मध्ये जाहीरपणे विचारलं, हा खरा किल्ला की म्हाताऱ्या सैनिकाचं स्वप्नातलं घर? चार्ल्स कूलसन यांनी १९९२ मध्ये एकेक कलम काढून दाखवलं. बंदुकीच्या जंग्या मुख्यतः दर्शनी दरवाजाभोवती गोळा झालेल्या, बाकीच्या बाजू त्या मानाने मोकळ्या. खंदक एका बाजूला नुसत्या मातीच्या बांधाने धरून ठेवलेला. कुदळी-फावडी घेतलेली चार माणसं रात्रीतून तो बांध फोडून पाणी सोडू शकतील. त्याच सुमारास त्या परिसराच्या भूरूपांची मोजणीही प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं की खंदकाच्या आसपास तळी आणि पाणवठे मुद्दाम असे मांडले होते, की येणाऱ्याला किल्ला निरनिराळ्या कोनांतून पाण्यावर तरंगताना दिसावा. उत्तरेच्या चढावर एक सपाट जागा आहे. नाव ‘गन गार्डन’ असलं तरी तिथून किल्ल्याचं आणि पाण्याचं दृश्य पाहावं अशीच तिची जागा आहे.

म्हणजे आपल्या गडकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: टेकडी किल्ला पाहण्यासाठी होती.

मग पुन्हा लंबक उलटा फिरला. काही अभ्यासकांनी आठवण करून दिली की दोन हजार फ्रेंच सैनिकांचा वेढा नव्हे, पण किनाऱ्यावरून आलेली पन्नास-शंभरांची लुटारू टोळी रोखायला बोडियम सहज पुरेसा होता. १३८१ मध्ये केंट आणि आसपासच्या परगण्यांत शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला होता, हेही विसरता येत नाही. गावातलीच माणसं पेटून उठली तर असा खंदक आणि असा दरवाजा मालकाला काही दिवस नक्की वाचवेल. बांध फोडायचा म्हटला तरी खंदकाच्या तळाला जिवंत झरे आहेत आणि फोडणाऱ्यांवर बुरुजांवरून बाण येणारच.

मला स्वतःला हा वाद ज्या टोकांवर चालतो ती टोकंच फसवी वाटतात. डॅलिंग्रिजला ‘खरा’ आणि ‘दिखाऊ’ अशी दोन खाती माहीत नव्हती. ज्या माणसाने राजाच्या काकाची झाडी जाळली आणि कोर्टात हातमोजा फेकला, त्याच्या जगात दरारा हेच संरक्षण होतं. ससेक्समध्ये गाँटच्या माणसांनी, गावच्या कुळांनी, शेजारच्या सरदारांनी त्या दरवाजाकडे पाहून काय समजायचं ते समजावं, यासाठी जंग्याही हव्या होत्या आणि ढालीही. म्हणून त्या शेजारी शेजारी आहेत. त्याला हवं होतं ते मिळालंही. १३९२ मध्ये राजाचं लंडन शहराशी बिनसलं तेव्हा शहराचा कारभार काही काळ डॅलिंग्रिजच्या हाती सोपवला गेला. तो शहरवासीयांशी फार नरमाईने वागतो म्हणून लवकरच त्याला बदललं, ही गोष्ट त्याच्या तरुणपणाशी ताडून पाहिली तर गंमत वाटते. १३९३ च्या सुमारास तो वारला. नव्या घरात त्याला जेमतेम सात-आठ वर्षं मिळाली.

पुढची अडीचशे वर्षं झरझर सांगता येतील. पंधराव्या शतकात बोडियम वारशाने ल्यूकनर घराण्याकडे गेला. राजगादीच्या भांडणात सर थॉमस ल्यूकनर लँकेस्टर घराण्याच्या बाजूचा. १४८३ मध्ये विरुद्ध बाजूच्या राजा तिसऱ्या रिचर्डने किल्ला घ्यायला माणसं जमवायचा हुकूम दिला. लढाई झाल्याची नोंद नाही, किल्ला बहुधा मुकाट्याने सोडला गेला. १४८५ मध्ये सातवा हेन्री गादीवर आला आणि ल्यूकनरांना जहागीर परत मिळाली. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या वेळी मालक होता थॅनेटचा अर्ल जॉन टफ्टन, राजाच्या पक्षाचा. पार्लमेंटने त्याला ९,००० पौंडांचा दंड ठोठावला. तो भरण्यासाठी त्याने १६४४ मध्ये बोडियम ६,००० पौंडांना नाथानिएल पॉवेलला विकून टाकला. त्यानंतर पूल, बाहेरचा दरवाजा आणि आतल्या खोल्या पाडल्या गेल्या. शत्रूने एक दगडही न हलवलेला किल्ला शेवटी विक्रीच्या कागदामुळे ओसाड झाला.

ओसाड झाल्यावर मात्र त्याचं नशीब उघडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश लोकांना पडक्या वास्तूंचं वेड लागलं. वेलींनी झाकलेल्या भिंती, पाण्यात पडलेली सावली, हे सगळं चित्रकारांना आणि सहलीला येणाऱ्यांना हवंच होतं. तरी १८२० च्या दशकात किल्ला पाडून त्याचा दगड बांधकामाला विकायचा घाट घातला गेला. १८२९ मध्ये जॉन फुलरने किल्ला आणि भोवतालची २४ एकर जमीन ३,००० पौंडांना विकत घेऊन तो वाचवला. या फुलरला लोक ‘मॅड जॅक’ म्हणत. स्वतःच्या थडग्यासाठी जिवंतपणीच पिरॅमिड बांधून घेणारा, हौसेने मनोरे उभारणारा हा माणूस. त्याच्या विक्षिप्तपणाच्या कथा ससेक्समध्ये प्रेमाने सांगतात. त्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या श्रमातून आला होता आणि पार्लमेंटमध्ये तो गुलामगिरीची बाजू घेऊन बोलत असे, हे त्याच दमात सांगायला हवं. फ्रान्समधल्या लुटीने किल्ला बांधला, जमैकातल्या गुलामांनी तो वाचवला.

फुलरनंतर क्यूबिट घराण्याने डागडुजी केली आणि त्यांच्या पाठोपाठ जो मालक आला त्याचं नाव भारतीय वाचकाला वेगळ्याच कारणाने पाठ आहे: लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करणारा, स्वदेशी चळवळीचं निमित्त झालेला, केसरीच्या रकान्यांत झोडपला गेलेला तोच व्हाइसरॉय. १८९९ ते १९०५ या काळात भारतात असताना त्याने एक काम मात्र मन लावून केलं. पुरातत्त्व खात्यात जीव ओतला, १९०२ मध्ये जॉन मार्शल यांना त्याचं प्रमुख नेमलं आणि १९०४ मध्ये प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदा आणला. इंग्लंडात तेव्हा असा सक्तीचा कायदा नव्हता. तिथे मालकाला स्वतःचा ऐतिहासिक वाडा पाडून विकायची मोकळीक होती. परत गेल्यावर कर्झनने लिंकनशरमधला टॅटरशॉल किल्ला १९११ मध्ये विकत घेतला, तिथून उपटून विकायला नेलेल्या मध्ययुगीन शेकोट्या शोधून परत बसवल्या. १९१३ चा ब्रिटिश जतन कायदा व्हावा म्हणून लॉर्ड्सच्या सभागृहात जोर लावणाऱ्यांत तो होता. भारतात जे करून पाहिलं ते त्याने नऊ वर्षांनी स्वतःच्या देशात आणवलं. साम्राज्याच्या इतिहासात कायदा सहसा उलट दिशेने प्रवास करतो.

बोडियमवर त्याचा डोळा आधीपासून होता, पण मालक विकायला तयार नव्हते. १९१७ मध्ये किल्ला त्याच्या हाती आला. १९१९ पासून वास्तुविशारद विल्यम वेअर यांच्या देखरेखीखाली त्याने काम सुरू केलं. भिंतींवरच्या वेली काढल्या, ढासळलेले दगड सांधले आणि खंदक पूर्ण उपसला. पाणी सरासरी पाचच फूट खोल निघालं, आग्नेय कोपऱ्यात सात. एवढा रुबाब आणि खोली माणसाच्या गळ्याएवढी! तळाच्या चिखलात जुन्या पुलांचा पाया सापडला आणि वळणदार रस्त्याचा पुरावा मिळाला. कर्झनने पडलेली छपरं पुन्हा चढवली नाहीत, खोल्या नव्याने बांधल्या नाहीत. जे आहे ते पडू नये एवढंच पाहिलं. त्याच्याकडे सत्ता, पैसा आणि हौस तिन्ही असताना त्याने हात आवरला, हे त्याच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. १९२५ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्राने किल्ला नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला. किल्ल्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं.

१९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर समुद्रापलीकडून स्वारी येण्याची भीती साडेपाचशे वर्षांनी पुन्हा उभी राहिली. तेव्हा रॉदरच्या खोऱ्यावर नजर ठेवायला किल्ल्याच्या आवारात सिमेंटचं एक ठेंगणं ठाणं बांधलं, रणगाडाविरोधी तोफेसाठी. ते आजही आहे. त्याला ना चर्या आहेत ना ढाली. बहुतेक पाहुणे त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुलाकडे जातात.

इंग्लंडला कधी गेलात तर बोडियमसाठी एक दिवस काढा. केंटमधल्या टेंटरडनहून वाफेच्या इंजिनाची हौशी गाडी हंगामात थेट बोडियमच्या स्टेशनापर्यंत येते. तिथून किल्ला थोड्या अंतरावर आहे. आत घाईने शिरू नका. आधी खंदकाला पूर्ण फेरी मारा, पश्चिमेच्या काठावर उभं राहून जुन्या पुलाची रेघ डोळ्यांनी ओढा, दक्षिणेच्या दरवाजावर नोल्सची ढाल शोधा. आत गेल्यावर हॉलची तीन दारं पाहा आणि शौचकूप मोजायला लागा. वेळ उरला तर उत्तरेच्या चढावर जा आणि किल्ला खरा की खोटा याचा निवाडा तिथून स्वतःच करा.